गिअरशेजारचा नारळ

बेलापूर सोडलं तेव्हा आम्ही तिघं होतो. मी, माझे धाकटे दीर भाऊसाहेब आणि माझी पिठाची गिरणी. गिरणीला माणसांत मोजलं म्हणून हसाल, पण आमचे हे गेल्यावर घर तिनंच चालवलं आणि त्या काळात माझ्याशी सगळ्यात जास्त बोललीही तीच. आता माझे गुडघे पोतं उचलू देत नाहीत, म्हणून ती बंद पडून होती. भाऊसाहेबांच्या जुन्या पिकअपमध्ये तिला आडवी निजवली, वर ताडपत्री घातली, दोरानं आवळली. दगडी जातं, लोखंडी सांगाडा, मोटर. गाडीचं बूड पार खाली बसलं. भाऊसाहेब म्हणाले, "वैनी, तुमी फुडं बसा, म्हंजी तोल सावरंल." हे माझं कौतुक होतं की काय, ते मी विचारलं नाही.

आम्ही निघालो होतो जामखेडच्या पुढं, कौसाच्या वस्तीवर. कौसा कोण, ते आधी सांगते. दरसाल दिवाळीच्या सुमाराला आमच्या भागात ऊस तोडायला टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं ‘एक कोयता’ म्हणतात. कौसा आणि तिचा नवरा बाबू हा असाच एक कोयता, वर्षानुवर्षं आमच्याच उसात येणारा. आमच्या बांधाला त्यांची कोपी (पाचटाची झोपडी) पडायची आणि दळण माझ्याकडं यायचं. हंगाम संपून जाताना ती दर वर्षी म्हणायची, आक्का, आमीच येतो, तुमी कधी येता? मी म्हणायची, येईन की. म्हणायला काय जातं.

गेल्या हंगामात ती डोक्यावर बाजरीचं गाठोडं घेऊन आली आणि गिरणी बंद बघून दारातच बसली. बोलता बोलता कळलं, पोरगी आता दहावीला जाणार. आई-बाप कोयत्यावर निघाले की पोरीनं एक तर वस्तीवर एकटीनं राहायचं, नाही तर शाळा सोडून त्यांच्या मागं यायचं. वस्तीवर गिरणी नाही, बाया दळणासाठी पार जामखेड गाठतात, हेही कळलं. मी गिरणीकडं बघितलं, कौसानंही बघितलं. मी म्हटलं, ही घेऊन जा आणि घरीच राहा.

तिनं जागा केली, वर पत्रे टाकले, वीज घेतली. मुकादमाकडून (टोळीच्या म्होरक्याकडून) या वर्षी आगाऊ पैशांची उचलही घेतली नाही. पण कबूल केलेल्या गोष्टी तिच्या दारापर्यंत क्वचितच पोचलेल्या, त्यामुळं तिनं मुकादमाला नाही असंही सांगितलं नव्हतं. त्याचा ट्रक वस्तीवर यायचा त्याच दिवशी दिवस मावळेपर्यंत गिरणी आली तर ती राहणार, नाही आली तर नवऱ्यासकट ट्रकमध्ये चढणार, आणि पोरगीही मागून. एवढंच तिनं फोनवर सांगितलं आणि वर म्हणाली, पाऊस लई झालाय आक्का, जपून या.

परतीचा पाऊस दोन दिवस झोडपून नुकताच उघडला होता. म्हणून तर आम्ही वाट वाकडी करून आधी सोनईला गेलो. सोनईला माझी लेक सुनीता दिली आहे आणि जावई संतोषरावांकडं मागं उघडा हौदा असलेली, चारही चाकांच्या ओढीची गाडी आहे. भाऊसाहेबांच्या गाडीत इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो, पुढची दोन नुसती वळतात. जावयांच्या गाडीत चारही चाकं ओढतात. तसं त्यांच्या गाडीच्या दोन्ही बाजूंना हातभर आकड्यांत रंगवलेलंच आहे, आणि मागं काचेवर पुन्हा एकदा, कुणी चुकून बाजूनं बघायचं राहिलं तर.

माझ्या मनात होतं, गिरणी त्यांच्याच गाडीत चढवावी. पण संतोषरावांनी गिरणीच्या लोखंडी कडांकडं बघितलं, मग आपल्या गाडीच्या रंगावरून हात फिरवला. जावयाला दोनदा सांगायचं नसतं. ते म्हणाले, "मामी, तुम्ही माझ्या गाडीत बसा. काका येतील मागून. अडले तर आपण ओढून काढू." भाऊसाहेब पानाला चुना लावत होते, ते थांबले. "अडले तर," एवढंच ते म्हणाले.

निघताना सुनीता माझ्या हातात डबा देत कानाशी म्हणाली, "आई, गाडीला हात जोड, पण गाडीविषयी फार विचारू नकोस." मला वाटलं, हप्त्याचं काही असेल. गाडीत बसले तर आत सगळं मंगल. पुढं देवीची तसबीर, उदबत्तीची राख, आणि गिअरच्या दांडीशेजारी आणखी एक आखूड दांडी, तिला हिरव्या खणात गुंडाळलेला नारळ लाल धाग्यानं बांधलेला. मी हात जोडले. संतोषरावांनीही चटकन जोडले, आणि मग सोनईपासून घोडेगाव येईपर्यंत चार चाकांचं माहात्म्य सांगितलं. डोंगर चढते, वाळू तुडवते, चिखल तर तिला लोण्यासारखा. मी हूं हूं करत होते. सासूचं काम हूं म्हणायचं असतं.

नगर ओलांडून पुढं गेलो. या रस्त्याची गंमत अशी की नगर जिल्ह्यातून नगर जिल्ह्यात जाताना मध्ये बीड जिल्हा लागतो. आपल्याच घरातल्या स्वयंपाकघरात जाताना शेजाऱ्याच्या ओसरीवरून जावं तसं. आष्टीच्या अलीकडं चहाला थांबलो. चहावाल्यानं ताडपत्रीखालचा आकार बघितला आणि विचारलं, "ह्यात काय हाय आज्जी, तोफ?"

"व्हय," मी म्हटलं. "जामखेडवर स्वारी आहे."

"मंग शिपाई दोनच?" त्यानं जावयांकडं आणि भाऊसाहेबांकडं बघितलं. ते दोघं तिकडं उभ्या उभ्या भांडत होते. भाऊसाहेबांचं म्हणणं, मागची ढकलतात आणि पुढची वाट दाखवतात, ही देवानं केलेली वाटणी आहे. बैलगाडीलाही पुढं बैल जुंपतात, चारी बाजूंनी नाही जुंपत. संतोषरावांचं म्हणणं, काका, तुमचा काळ गेला. चहावाल्यानं दोघांचं ऐकून घेतलं आणि त्याच्याकडं मोटारसायकल असल्याचं सांगून वाद मिटवला.

जामखेड मागं टाकलं तशी झाडं विरळ झाली. आमच्याकडं कॅनॉलचं पाणी, ऊस डोळ्यांपुढून हटत नाही. इथं मात्र उघडे माळ, काटेरी बाभळी, तुरीची रानं आणि लांबवर बालाघाटाची निळी कड. मोकळं बघून मला तरी बरं वाटलं. ऊस नसला की माणसं लांबून दिसतात. डांबरी संपलं आणि मुरमाड चढ लागला. पावसानं वरचा मुरूम वाहून नेलेला, खाली गोटे उघडे पडलेले.

संतोषराव पुढं होते. अर्ध्या चढावर गाडी थबकली, चाकं फिरायला लागली, गोटे मागं उडायला लागले. त्यांनी मागं घेतली, पुन्हा दामटली, पुन्हा तेच. मी म्हटलं, मी उतरते, तेवढाच भार हलका. उतरून बाजूला उभी राहिले आणि एक गोष्ट मला दिसली. मागची दोन चाकं गरगर फिरत होती. पुढची दोन मात्र कीर्तनाला बसल्यासारखी शांत.

"संतोषराव," मी विचारलं, "ही पुढची कधी कामाला लागतात?"

"वेळ आली की लागतात मामी." त्यांनी कपाळाचा घाम पुसला.

तेवढ्यात भाऊसाहेबांची पिकअप बाजूनं आली. गिरणीच्या वजनानं तिची मागची चाकं जमिनीला अशी दाबून धरली होती की ती घरघरत, कण्हत, पण न घसरता माथ्यावर गेली. भाऊसाहेब गाडी लावून पायी खाली आले, तोंडात पान. "पाव्हणं, फुडच्या दोन चाकांचा उपास हाय का आज?"

संतोषराव खाली वाकून चाकं बघायला लागले. भाऊसाहेबांनीच उपाय सांगितला, मागं वजन टाका, मग मागची चाकं धरतील. आम्ही दोघांनी गोटे उचलून हौद्यात टाकले, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून मी स्वतः हौद्यात चढून गोट्यांवर बसले. आता जावयाच्या गाडीत सासूनं गोट्यांबरोबर बसायचं म्हणजे काय, तुम्हीच बघा. संतोषराव हात जोडायला लागले, मामी उतरा, कुणी बघेल. मी म्हटलं, कोण बघणार, ती शेळी? चला. गाडी चढली. माझ्या वजनाचा इतका उपयोग आयुष्यात कुणाला झाला नव्हता.

माथ्यावरून वस्ती दिसली. पाच-पंचवीस घरं, पत्रे उन्हात चमकणारे, आणि कडुलिंबाखाली मुकादमाचा ट्रक. त्यात बोचकी, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या चढत होत्या. ऊन कललं होतं. मध्ये फक्त एक ओढा आणि त्याच्या अलीकडचं काळं रान. वाट त्या रानातूनच जायची, एकच गाडी मावेल एवढी.

भाऊसाहेब आता जोरात होते. चढ जिंकलेला माणूस. ते पुढं घुसले आणि वाटेच्या मध्यावर त्यांची पिकअप हळूच खाली बसली, म्हैस डबक्यात बसते तशी. ज्या वजनानं चढावर तारलं, त्याच वजनानं काळ्या मातीत बुडवलं. त्यांनी जोर दिला तसे मागच्या चाकांनी दोन खड्डे पाडले, आणखी जोर दिला तसे ते खोल केले. चाकांवर माती अशी लिंपली गेली की ती चाकं आहेत की शेणाचे गोळे, ओळखू येईना. भाऊसाहेबांनी इंजिन बंद केलं. पान थुंकलं.

ओढ्याकडून कौसा आली, लुगड्याचा ओचा खोचलेला, पाय पोटरीपर्यंत चिखलात. तिनं आधी माझ्या पायांना हात लावला, मग ताडपत्रीला. दोराखालून चाचपून आतलं जातं तिनं हातानं ओळखलं. मग म्हणाली, "आक्का, तुमी आला, लई झालं. न्हाई पोचली वस्तीवर, तरी मी सांगंन, गिरनी माझ्या नावानं निघाली हुती." तिनं ट्रककडं बघितलं. "माझं बोचकं वर चढवलंय. उतरवू का ऱ्हाऊ द्यू, तेवढं सांगा."

मी म्हटलं, आमचे जावई आहेत, चार चाकांची गाडी आहे, आत्ता ओढून काढतो. आणि मागं वळून बघितलं तर जावई गाडीतून उतरायला तयार नाहीत. दोर शोधायला लागले. दोर पायाशीच होता. मग टायरची हवा बघायची म्हणाले. मग म्हणाले, पुढं ट्रॅक्टर मिळेल का विचारू. मी त्यांच्या खिडकीशी गेले. ते त्या हिरव्या खणाकडं बघत होते, आणि मी त्यांच्याकडं.

"ही दांडी कशाची, संतोषराव?"

त्यांनी देवीच्या तसबिरीकडं बघितलं. "हीच ती मामी. चार चाकांची."

मग सगळं बाहेर आलं. गाडी घेतली त्या दिवशी पूजेला विहीणबाईंनी, म्हणजे संतोषरावांच्या आईनं, रिकामी दिसणारी दांडी बघून तिलाच देवीचा नारळ बांधला. गाडीला काही इजा न होता वर्ष गेलं की मोहट्याच्या गडावर नेऊन स्वतःच्या हातानं सोडीन, तोवर कुणी हलवायचा नाही, असा नवस. दांडी ओढायची तर नारळ सोडल्याशिवाय ती सरकतच नव्हती. तेव्हा घरात तोंड उघडायची हिंमत झाली नाही, आणि बाहेर तर आकडे रंगवून झालेले. म्हणजे माझे जावई गेल्या दिवाळीपासून दोन चाकांची गाडी चालवत होते आणि चार चाकांचं बोलत होते. भाऊसाहेब दाराशी येऊन ऐकत होते. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं, आता ते अडकलेत हे विसरून नाचतील. मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. जावयाची थट्टा करायला सबंध परतीची वाट पडली होती.

मी सोनईला फोन लावला. विहीणबाईंना आधी तब्येत विचारली, मग पाऊस विचारला, मग दांडीवर आले.

"हात लावायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "वर्स भरायला पंधरवडा ऱ्हायलाय."

"ईनबाई, देवीच मध्ये अडकून बसली आहे. तिला उतरायचंय."

"तुमाला कुनी सांगितलं?"

"इथं एका बाईचं बोचकं ट्रकमध्ये चढलंय. ते उतरलं नाही तर तिची पोर शाळेतून उठेल. गिरणी चिखलात आहे, ती काढणारी दांडी तुमच्या नारळाखाली आहे. आता तुम्हीच सांगा, देवीनं एवढं वर्ष ती दांडी कशासाठी राखली असेल."

 तिकडून बांगड्यांचा आवाज ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, "नारळ खाली ठिवायचा न्हाई. कुठं बसवनार?"

"गिरणीवर. रोज पीठ उडेल, रोज दिवा लागेल."

"आन सोडायचा सवाष्णीच्या हातानं. तुमी न्हाई."

मी सवाष्ण नाही, हे मला ठाऊकच होतं. त्यांनी आठवण करून दिली एवढंच. पण माझ्या शेजारी एक सवाष्ण पोटरीभर चिखलात उभी होती. मी कौसाला म्हटलं, हात धू आणि गाडीत चढ. वर्षभराचा धागा, तेल-कुंकवानं दगड झालेला. कौसानं जन्मभर उसाच्या मोळ्या बांधल्या-सोडल्या, पण या गाठीला नख लावण्याआधी तिनं पदराला पुन्हा हात पुसले. धागा तोडायचा नव्हता. एक पेड सुटला, मग दुसरा. नारळ तिच्या ओटीत आला. संतोषरावांनी दांडी ओढली. कुठंतरी खाली खट्ट झालं.

एवढ्यात मुकादम चिडून आला. अंगानं चांगला भरलेला माणूस. त्याला गिरणीशी देणंघेणं नव्हतं, पण आमची पिकअप त्याच्या एकुलत्या वाटेवर बसली होती, ती निघाल्याशिवाय ट्रक हलणार नव्हता. तो म्हणाला, गिरणी हितंच रानात उतरवा आन गाडी मागं ओढा. मी म्हटलं, पुढंच ओढायची, आणि तुम्ही जरा आमच्या गाडीत बसा.

"मी कशाला?"

"चारही चाकांना जोर मिळालाय, पण वजन नाही. हौद्यात माणसं हवीत, तुमच्यासारखी."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "म्हातारे, माझाच कोयता मोडायचा आन मलाच वर बसवायचं व्हय?" पण हसला, आणि चढला. त्याच्या मागं ट्रकची आठ-दहा माणसं चढली, तोडीला निघालेली, डोक्याला फडकी बांधलेली. संतोषरावांनी गाडी वाट सोडून तुरीच्या कडेच्या गवतातून घातली. या वेळी मी चाकांकडंच बघत होते. पुढची दोन उठली होती कीर्तनातून. चारही एकदम फिरली, माती चघळत, माणसं हौद्यात हेंदकाळत, गाडी पिकअपच्या पुढं जाऊन कडक जागेवर उभी राहिली. भाऊसाहेबांनी दोर बांधला. मुकाट्यानं बांधला, हे मी लिहून ठेवते.

दोर ताणला. आधी काही झालं नाही. मग काळ्या मातीनं मोठा चुंबा घ्यावा तसा आवाज केला आणि पिकअप वर आली. ओढ्यात खाली गोटेच होते, तिथं अडलं नाही. गिरणी वस्तीवर शिरली तेव्हा ऊन कडुलिंबाच्या शेंड्यावर होतं. बाबू ट्रकवर चढला आणि बोचकं खाली टाकलं. ते कुणी झेललं नाही, कारण कौसाच्या दोन्ही हातांत नारळ होता.

गिरणी त्याच माणसांनी उतरवली, पत्र्याखाली उभी केली, बाबूनं तारा जोडल्या. नारळ धान्य ओततात त्या वरच्या पत्र्याच्या तोंडाशी बांधला. पहिलं दळण माणसानं खायचं नसतं, दगडाची कच येते. ते गुरांना घातलं, आणि तो मान जावयांना दिला. पांढरे कपडे मांडीपर्यंत काळे झालेले संतोषराव गाईपुढं घमेलं धरून उभे राहिले. दुसरं दळण मुकादमाचं. तो म्हणाला, कोयता गेला तो गेला, आता वाटंत भाकरीला बाजरी तरी दळून दे. कौसानं दळली. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या. ट्रक निघाला तेव्हा ती दारात आली नाही. गिरणी चालू असताना सोडून जायचं नसतं, हे मीच तिला शिकवलं होतं.

रात्री हुलग्याचे शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे वळून रश्शात शिजवलेले) आणि लसणाचा ठेचा. दोन्ही चालक एका ताटात जेवले आणि चार चाकं श्रेष्ठ की दोन, हा वाद तिथं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मी मध्ये पडले नाही. मला एवढंच समजलं की चढावर वजन लागतं, चिखलात ओढ लागते, आणि दोन्हीकडं दांडी मोकळी असावी लागते.

परतताना सोनईला थांबलो. विहीणबाईंनी मला आधी बसायला पाट दिला, मग नारळ कुठं बसवला ते खोदून खोदून विचारलं. गिरणीवर म्हटल्यावर त्यांना बरं वाटलेलं दिसलं. आठवड्यानं संतोषरावांचा फोन आला, आवाज दबका. आईनं नवा नारळ बांधलाय, म्हणाले. दांडी मोकळी ठेवली ना, मी विचारलं. ती ठेवली मामी, म्हणाले. या वेळी हँडब्रेकला बांधलाय.

आता आमच्याकडं तोड सुरू झाली आहे. टोळ्या आल्या, कोप्या पडल्या. आमच्या बांधाला कौसाची जागा मोकळी आहे, तिथं गवत माजलंय, आणि मी ते काढू दिलं नाही. काल एक नवी तोडकरीण डोक्यावर गाठोडं घेऊन दारात आली. आज्जी, म्हणाली, हितं दळण कुठं मिळंल?

चांगलं दळण ना, मी म्हटलं, जामखेडच्या पुढं. आणि मग तिला शेजारच्या आळीतली गिरणी दाखवायला उठले.